लाडकीचा कुड

मी गवंडी. डहाणूत राहतो, आणि तलासरीपासून सायवनपर्यंतच्या पाड्यांत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत. त्यातली एक पडली. ती का पडली हे मला ती बांधतानाच माहीत होतं. म्हणून लाडकीबद्दल सांगायचं तर मला माझ्यापासून सुरुवात करावी लागते, नाहीतर बाकीचं सगळं खोटं होईल.

तिच्याबद्दल गोड बोलणारे आता पुष्कळ भेटतील. तिच्याबरोबर प्रार्थनेला जमणारी माणसं तर तिला देवमाणूसच करून टाकतात. ती तशी मुळीच नव्हती. तोंडाळ होती, हट्टी होती, आणि एकदा मनात धरलं की समोरच्याला पुरता वात आणायची. पण मी आजवर ज्या माणसांसमोर मान खाली घातली त्यांत ती पहिली आहे, आणि हे मला आवडत नसलं तरी खरं आहे.

तिचा नवरा जिव्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रकमधला माल उतरवायचा. २०१४ साली त्याला खोकला लागला आणि मग रक्त पडू लागलं. पाड्याच्या भगतानं कोंबडे घेतले, बोकड घेतला, तांदळाचे दाणे पाहून पुन्हा एक कोंबडा घेतला. शेवटी लाडकीनं त्याला पाठीवर घेतल्यासारखं करून तलासरीला नेलं. तिथं दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. सरकारी दवाखान्यातून क्षयाच्या गोळ्या मिळाल्या, आणि बस स्टँडवर दिपकभाऊ नावाचा पास्टर भेटला. त्यानं जिव्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तीन महिन्यांत जिव्या उठून चालू लागला.

गोळ्यांनी की प्रार्थनेनं, ह्यावरून मी नंतर तिच्याशी कितीतरी वेळा भांडलो. ती म्हणायची, "गोळी मी दिली. गिळायला जीव कोनी दिला?" मी म्हणायचो, गोळीनंच दिला. ती माझ्याकडं बघून नुसती हसायची, आणि मला तिचा आणखी राग यायचा.

खरं म्हणजे तिनं येशूला नवसच बोलला होता. हे तिनंच मला सांगितलं. माझा माणूस उठवलास तर मी तुझी, नाहीतर नाही. माणूस उठला, तिनं शब्द पाळला. २०१५ च्या उन्हाळ्यात नवरा-बायको नदीत उतरून बाप्तिस्मा घेऊन आले. घरातला हिरवा, म्हणजे मोरपिसांचा कुळदेव, तिनं फेकला-बिकला नाही, टोपलीसकट उचलून भगताच्या दारात नेऊन ठेवला आणि "तू सांबाळ, माझा आता दुसरा हाय" असं सांगून परत आली. मुलगा मनिष तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो काठावर चपला सांभाळत उभा होता, पाण्यात उतरला नाही.

पाड्यानं देव बदलणं एक वेळ चालवून घेतलं असतं. मोडलं ते भातावरून. त्या भागात नवा भात कापला की तो आधी देवांना दाखवायचा आणि मगच तोंडात घालायचा. त्याला नवं खाणं म्हणतात. त्या वर्षी लाडकीनं नव्या तांदळाचं भांडं चुलीवर ठेवलं, डोळे मिटून आभार मानले आणि सगळ्यांच्या आधी जेवली. दौलत म्हणून पाड्याचा पुढारी आहे, पंचायतीत निवडून आलेला, चार माणसं त्याचं ऐकतात. त्यानं ठरवून टाकलं: जी देवाच्या आधी जेवते तिच्या चुलीवरचं कुणी खायचं नाही, तिच्या भांड्याला तोंड लावायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगणातला पाण्याचा तांब्या कुणी उचलेना. लग्नाला बोलावणं बंद झालं. बाळंतिणीकडं गेली तर दार लावून घ्यायच्या.

"वाईट वाटलं नाही?" मी एकदा विचारलं.

"वाटला ना. रडली मी. पन जिव्या खायचा ना माझ्या हातचा. दोन मानसांना केवडा पुरतो."

मग जिव्याच गेला. अंगात ताकद आली तशा त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. देवानं बरं केलं, आता गोळी खाणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं त्याच्या डोक्यात बसलं, आणि लाडकीनंही मान डोलावली. दिपकभाऊनं असं कधीच सांगितलं नव्हतं. त्याच्यावर माझा राग असूनही हे लिहितो. २०१६ च्या पावसाळ्यानंतर दुखणं परत आलं आणि ह्या वेळी गोळ्याही चालल्या नाहीत.

पाड्यातलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. मसणात जागा नाही, असाही निरोप आला. दिपकभाऊ, प्रार्थनेची तीन माणसं, मनिष आणि पदर खोचून स्वतः लाडकी, एवढ्यांनी त्याला उचललं आणि त्यांच्याच शेताच्या बांधाला पुरलं. माती लोटून झाल्यावर मनिष आईला म्हणाला, "तुझ्या देवानं बापाला नेला. आता माझा तुझा तुटला." तो बायकोला, शितलला, घेऊन पाड्याच्या दुसऱ्या टोकाला झोपडी टाकून राहू लागला. दौलतसमोर जाऊन त्यानं कोंबडा दिला आणि पाड्यानं त्याला परत आपल्यात घेतलं. आईच्या चुलीवरचं खायचं नाही, हा नियम आता त्याचाही झाला.

मी तिला विचारलं होतं, तेव्हा तरी का परत गेली नाहीस? नवस फिटला नाही, देवानं शब्द पाळला नाही, मग तू कशाला पाळलास?

ती म्हणाली, "पयला मी तसाच करायची. हा देव देत नाय मंग तो. जिव्याना पुरला त्या राती मी लय शिव्या दिल्या येशूला. तोंडात येल ते बोलली. आन मंग मना कळला, ज्याला शिव्या द्यायच्या तो बी तोच हाय, दुसरा कोनी नाय. देव काय रेशनचा दुकान हाय, इथं तांदूळ नाय मिळाला म्हनून तिकडं जायचा?"

मी गणपती बसवणारा माणूस. मला हे पटलं असं नाही. पण तो प्रश्न मी तिला पुन्हा विचारला नाही.

ह्याच सुमारास घरकुलाची यादी आली. विधवा म्हणून लाडकीचं नाव वर होतं. सभेत दौलत उठला आणि म्हणाला, ज्यांनी पाडा सोडला त्यांना पाड्याच्या नावावर घर कशाला? कुणी विरोध केला नाही. तिचं नाव गळलं आणि पुढच्या खेपेला मनिषचं लागलं. म्हणजे आईला मिळायचं ते घर मुलाला मिळालं. ते बांधायला मला बोलावलं, २०१८ च्या एप्रिलात.

लाडकी मला तिथंच पहिल्यांदा दिसली. रोज सकाळी यायची आणि वाटेपलीकडं मोहाच्या झाडाखाली बसायची. मुलाच्या जागेत पाऊल टाकायची नाही. बसल्या जागेवरून मात्र तिचं तोंड चालू.

"गवंडी, वाळूत माती किती?"

"लाडकीबाय, तुला काय कळतं त्यातलं?"

"माती मना नाय कळायची तर कोनाला?"

तिचं स्वतःचं घर कुडाचं. जमिनीत मेढी रोवायच्या, म्हणजे वर दोन फाटे असलेले लाकडाचे खांब, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. अशा भिंतीला कुड म्हणतात. हातानं ढकलली तर हलते. मला अशा घरांची कीव यायची. पक्क्या विटांची भिंत चढत होती तेव्हा एक दिवस तिनं विचारलं, "हा तुझा भिंत हलल का रं?"

"पक्की भिंत हलत नाही," मी ऐटीत म्हणालो.

"हलत नाय?" ती विचारात पडली. "मंग काय करते? वारा आला, धक्का लागला, तर काय करते?"

"काही करत नाही. उभी राहते."

तिला ते पटलं नाही. माझ्या कामगारांना मात्र हसू आलं, आणि मलाही.

आता माझं. दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून सळई घालून काँक्रीटची पट्टी फिरवायची असते. तिनं घर चारी बाजूंनी एकमेकांना धरून राहतं. तीन भिंतींवर मी ती नीट घातली. मागच्या भिंतीला सळई कमी पडली. तलासरीहून आणायची तर अर्धा दिवस मोडला असता आणि मला दुसऱ्या कामावर जायचं होतं. मागची भिंत कोण बघतो, असं म्हणून मी ती तशीच वर नेली आणि पत्र्याखालचा तिकोनी भाग त्याच्यावर चढवला. गिलावा केला की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. मनिषनं घरभरणीला मला नवं धोतर दिलं आणि मी ते घेतलं.

मनिषची मुलगी निलम तेव्हा तीन वर्षांची होती. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांची घडी घालून त्यावर बसायची आणि आजीला लांबून हाका मारायची, "डोसी, ए डोसी!" तिकडं म्हातारीला डोसी म्हणतात. लाडकी झाडाखालून हात हलवायची.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. त्या दिवसांत जे तिथं होते त्यांना सांगायला नको, आणि जे नव्हते त्यांना सांगून कळणार नाही. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी खडखडायची. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काही नाही, मग पुन्हा. जानेवारीच्या थंडीत पाडेच्या पाडे ताडपत्र्या बांधून उघड्यावर झोपत होते. साहेब लोक आले, तंबू आले, भूकंप आला तर काय करायचं त्याचे कागद वाटले गेले. धक्के काही थांबले नाहीत.

दौलतनं कारण शोधून काढलं. धरतरी, म्हणजे धरतीमाता, कोपली आहे, कारण पाड्यात कुणीतरी न दाखवता नवं खातं. लाडकीनं बोकड द्यावा नाहीतर पाडा सोडावा. दहा-बारा माणसं तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मनिष त्यांच्यात होता, मागं. लाडकी तेव्हा जमीन सारवत होती. तिनं शेणामातीचा हात वर केला आणि म्हणाली, "धरतरीना मी काय केला? रोज हातात घेते मी तिला. तुमी घेता का?" मग खाली बघून सारवत राहिली. तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पण त्या दिवसापासून विहिरीवर ती आली की बाकीच्या बाया बाजूला होऊ लागल्या.

ह्या सगळ्यात पाड्यातून तिच्याकडं येणारं एकच माणूस होतं, आणि ते चार वर्षांचं होतं. निलम दुपारी पळून डोसीकडं यायची. मनिषला ठाऊक होतं. तो काही बोलत नव्हता, पण त्यानं शितलला बजावून ठेवलं होतं, तिच्या भांड्यात पोरीनं खाल्लं तर बघ. लाडकीनं त्यातून वाट काढली. पोरीनं स्वतःची ताटली घेऊन यायचं आणि तिच्यात खायचं. भांडं तर बापाच्याच घरचं झालं! नियमही मोडत नाही आणि पोरीच्या तोंडात आजीच्या हातचा घासही पडतो. स्वतःच्या ह्या हुशारीवर ती फार खूश होती. मलाही तिनं हसत हसत सांगितलं होतं.

मार्च २०१९. दुपारची वेळ. लाडकीनं तांदळाची भाकर आणि सुकट केली होती. निलम रिकाम्या हातानं आली.

"ताटली कुठं?"

"घरात."

"जा, घेऊन ये. बाप बोलल."

पोरगी पळाली. लोक रात्री घरात झोपत नव्हते, पण दिवसा आत-बाहेर करतच होते. नेमका तेव्हा धक्का आला. मोठा नव्हता. आधीचे मोठे पाहिलेली माणसं जागची उठलीसुद्धा नाहीत. लाडकीचा कुड हलला, लिंपणाचा एक पापुद्रा पडला, बस. मनिषच्या घराची मागची भिंत पत्र्याखालून सुटून आत कोसळली. ताटल्या मागच्या भिंतीशीच ठेवलेल्या असायच्या.

मी चौथ्या दिवशी गेलो. लोक ढिगाऱ्याकडं बोट दाखवून सांगत होते, बघा, धक्का किती जबर होता. तीन भिंती नीट उभ्या होत्या. चौथी का पडली, हे त्या सगळ्या गर्दीत मला एकट्यालाच कळत होतं. मनिष समोर बसला होता आणि मला त्याच्याकडं जाववेना. माझे पाय लाडकीच्या घराकडं वळले. भित्रा माणूस जिथं मार कमी बसेल तिथं जातो.

ती दारात बसली होती. मी उभ्या उभ्याच पट्टीचं सगळं सांगून टाकलं. सळई, अर्धा दिवस, मागची भिंत कोण बघतो. सांगताना मला रडू आलं. ती शिव्या देईल, दगड उचलेल, म्हणून मी वाट बघत होतो. खरं तर मला तेच हवं होतं.

"मी पाठवला तिला," ती म्हणाली. "ताटली आनायला. कोनाला ठाव नाय. शितलला वाटते पोर खेळत खेळत आत गेला."

चुलीवर काहीच नव्हतं. त्या घरात मी पहिल्यांदा चूल थंड पाहिली.

"तू सांगशील मनिषला?" तिनं विचारलं.

"तू सांगशील?"

"सांगली तर तो परत माझ्या दारात येनार नाय. जलमात नाय." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. तिला जगात आता एवढंच हवं होतं, की मुलानं एकदा तिच्या चुलीशी बसून जेवावं, आणि तेच घालवायचं की ठेवायचं हे तिच्या हातात आलं होतं. नुसतं गप्प राहिली असती तरी पुरलं असतं. कारण पोर गेल्यापासून शितल रोज तिच्याकडं येऊन बसू लागली होती, आणि बायकोला न्यायला का होईना, मनिष अंगणापर्यंत यायला लागला होता.

तेवढ्यात दिपकभाऊची फटफटी आली. माणूस चांगला आहे, पण उत्साहाला आवर नाही. त्यानं लाडकीसाठी प्रार्थना केली, डोळे पुसले, आणि मग म्हणाला, "ताई, एवढी पक्की घरं तडकली आणि देवानं तुमचा कुड राखला. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, तुम्ही साक्ष द्या. तुमचा पक्का विश्वास बघून लोकांना बळ येईल." साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. लाडकी म्हणाली, "देते." मग माझ्याकडं वळून, "तू बी ये."

एप्रिलातल्या त्या रविवारी मी गेलो. त्यांचं प्रार्थनेचं घरही कुडाचंच, अर्ध्या भिंतींना अजून लिंपण नव्हतं. पंचवीस-तीस माणसं असतील. शितल पुढं बसली होती. मनिष आत आला नाही. तिला न्यायला लवकर आला होता, आणि भिंतीला बाहेरून टेकून उभा होता. कारवीच्या फटींतून त्याचा शर्ट दिसत होता. लाडकीलाही दिसत होता. ती बरोबर त्याच्यासमोर उभी राहिली.

"दिपकभाऊ बोलतो, देवानं माझा घर राखला," ती म्हणाली. "राखला. पन नात नाय राखली. हा एक सांगायचा आन तो नाय सांगायचा, असा मना जमत नाय."

पुढं बसलेल्या शितलनं मान वर केली.

"आमच्या घरात गोळ्या सोडल्या, तवा मी गप बसली. जिव्या गेला. आता नातीला मीच धाडली. ताटली आनायला. माझ्या भांड्यात खाल्ला तर बाप बोलल म्हनून. मनात बोलली, बघ, मी कसा कोनाला न दुखवता जमवला." तिचा आवाज तिथं फाटला. "भाऊ बोलतो माझा इस्वास पक्का. पक्का नाय. रोज हलते तो. सकाळी उठली का हलते. मी विचारते त्याला, तू कुठं होतास दुपारी? तो नाय बोलत. मी तरी बसते त्याच्याजवळ. त्याच्या पोराला बी मारला ना लोकांनी, त्याला ठाव हाय पोर जाते म्हंजे काय. येवडाच. दुसरा माझ्याकडं काय नाय."

ती खाली बसली. दिपकभाऊ गाणं सुरू करायला उठला होता, तो तसाच राहिला. मग त्यानं गुडघे टेकले आणि तोंड हातांत झाकलं. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग गेला. भिंतीपलीकडचा शर्ट मात्र दिसेनासा झाला होता. शितल उठून मागं धावली. आणि मी? मी बोलायला हवं होतं. तिनं मला त्याचसाठी बोलावलं होतं. मी बसून राहिलो आणि सगळे उठल्यावर उठलो.

दोन महिने मनिष तिच्या वाटेला फिरकला नाही. अच्छाडच्या एका ढाब्यावर कामाला लागला, तिथंच झोपायचा. शितलनं येणं सोडलं नाही. नवऱ्याशी भांडून येते म्हणायची. लाडकी वाळली. पण एक बदल मी पाहिला आणि तो लिहायलाच हवा. तिचं तोंड तेच राहिलं, धार गेली. पावसाळ्यात ताडपत्र्या गळू लागल्या तेव्हा दौलतच्या घराला इतक्या भेगा होत्या की त्याची म्हातारी आई आत झोपायला तयार होईना. तिला पक्षाघात झालेला, ओल्यात ठेवणं शक्य नव्हतं. पाड्यातली कुडाची बरीच घरं पाडून त्यांच्या जागी घरकुलं झालेली. दौलत लाडकीच्या दारात येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "आन तिला. पन मी माझ्याच भांड्यात भरवीन, आधी सांगते." तो हो म्हणाला. यादीतून नाव कापलं नसतं तर तिचा कुडही पाडला गेला असता, हे त्या दोघांनाही कळत होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. मी दाखवलं असतं.

जागा अपुरी पडू लागली म्हणून तिनं मला बोलावलं, शेजारी आणखी एक खोली काढायला. कुडाची. आयुष्यभर विटा रचणाऱ्या माणसाला तिनं कारवी कशी बांधायची ते शिकवलं. गाठ घट्ट आवळली की ओरडायची, "सैल ठेव, सैल! त्याला हलायला जागा नको?"

जुलैतली दुपार होती. मी मेढीला काठ्या बांधत होतो. आत ती दौलतच्या आईला भरवत होती. वाटेवरून मनिष आला. भिजलेला, दाढी वाढलेली. दारात थांबला. मला वाटलं, शितलला न्यायला आलाय. पण शितल त्या दिवशी आलीच नव्हती.

लाडकी बाहेर आली. त्याच्याकडं बघत राहिली. तिला काही बोलायचं धाडस झालं नाही, आणि तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आये," तो म्हणाला, "ताटली माझ्यामुळं आनायला लागली." मग चपला काढल्या, आत जाऊन चुलीशी बसला आणि म्हणाला, "वाढ."

ती आत गेली. भांड्यांशी तिचा हात अडला. सवयीनं विचारलं की मुद्दाम, मला माहीत नाही, पण तिनं विचारलं, "कशात वाढू?"

"तुझ्यात वाढ."

तिनं तिची पितळी, पितळेची थाळी, काढली. भात वाढला, वर नागलीच्या पिठाचं पातळ कालवण. तिचे ओठ हलले. त्यानं डोळे मिटले नाहीत, पण ती थांबेपर्यंत हातही लावला नाही. मग तो जेवू लागला. त्याला हुंदका आला, तरी तो थांबला नाही, घास गिळत राहिला. लाडकी त्याच्यासमोर बसून त्याचा प्रत्येक घास बघत होती.

तेव्हा मी हातातली दोरी टाकली. ओल्या पायांनी दारापर्यंत गेलो आणि पट्टीचं सांगितलं. ह्या वेळी रडलो नाही. अर्धा दिवस वाचवायला मागच्या भिंतीत सळई घातली नाही, एवढंच नीट सांगितलं.

मनिषचा हात भातात तसाच राहिला. त्यानं मान वर केली नाही. त्याच्या मनगटाची शीर तटतटलेली दिसत होती. तो उठेल आणि मला मारेल असं मला वाटलं, आणि मी मागं सरणार नव्हतो. आतून दौलतच्या आईचा श्वास ऐकू येत होता.

लाडकी उठली. फळीवरून दुसरी पितळी घेतली, फडक्यानं पुसली, तिच्यात भात वाढला आणि मनिषच्या पितळीशेजारी, हातभर अंतर सोडून, ठेवली.

"बस," ती मला म्हणाली.

मनिषनं तिच्याकडं पाहिलं. मग त्या दुसऱ्या पितळीकडं. शेवटी त्यानं मला जागा व्हावी म्हणून आपली पितळी थोडी अलीकडं ओढली.

मी आत जाऊन बसलो आणि जेवलो.